हबशीबागेपासून नैरोबीपर्यंत

परदेशी विद्या संपादन करावयास निघालेल्या निर्धन विद्यार्थ्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा दिसतो. थोडे खोल पाहिले असता तो इतिहासाचा आणि नीतीचाही आहे, असे आढळून येईल. आजमितीस आफ्रिका खंडातील कित्येक तरुण पुण्यात विद्याभ्यास करीत आहेत. त्यांपैकी काहींस आपल्या सरकारची शिष्यवृत्ती मिळते. पुष्कळांस ती मिळत नाही, आणि घरच्या शेतीवर किंवा बापाच्या बेताच्या मिळकतीवर त्यांचे शिक्षण कसेबसे चालते. यांस साहाय्य करावे असे कोणी सुचविले, की आपल्यातील सुबुद्ध गृहस्थही चटकन म्हणतात, "आपल्याच पोरांची फी भरताना नाकी नऊ येतात, तेथे परक्यांची चिंता आपण कोठे वाहावी?" प्रश्न निरुत्तर करणारा आहे खरा. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. जुन्नर आणि आंबेगाव या आपल्याच जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या भूमीत ते लिहून ठेवलेले आहे, असे आम्हांस वाटते. वाचकांनी घटकाभर आमच्याबरोबर तिकडे यावे.

जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी येथे डोंगरांच्या पोटात जी बौद्ध लेणी कोरली आहेत, ती राजांपेक्षा सामान्य दात्यांच्या पैशांनी कोरली गेली. दात्यांची नावे दगडावर आहेत. त्यांत व्यापारी आहेत, स्त्रिया आहेत, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे; आणि यवनही आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघास भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून किंवा वायव्येकडील दूरच्या प्रदेशातून आलेला हा परका मनुष्य नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरील या नगरात स्थिरावला, आणि जे अभ्यासात व ध्यानात काळ घालवीत होते त्यांच्या जेवणाची सोय त्याने आपल्या पदरच्या पैशाने केली. भिक्षूंस तो परका वाटला नाही, आणि त्यालाही भिक्षू परके वाटले नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. जुन्नरच्या काही लेखांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे गुंतविलेल्या रकमांचा उल्लेख येतो. या व्यवहाराचे स्पष्ट स्वरूप नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखावरून कळते. हा उषवदात क्षत्रप नहपानाचा जावई, आणि त्याच नहपानाचा अमात्य अयम याचा लेख मानमोडीच्या डोंगरावर आहे. तेव्हा नाशिक आणि जुन्नर यांचा रिवाज एकच समजावयास प्रत्यवाय नाही. उषवदाताने तीन हजार कार्षापणांची 'अक्षयनीवी' केली. त्यांतील दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे खर्चावयाचे, अशी अट होती. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस कार्षापण, वर्षाचे दोनशेचाळीस. आणि त्यातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे. हिशेब किती चोख आहे पाहा. आज ज्यास आपण विद्यार्थिनिधी म्हणतो त्याची सर्व अंगे यात आहेत: मुद्दल सुरक्षित, सांभाळ धंदेवाल्यांच्या हाती, लाभ गरजूंस, आणि लाभ घेणाऱ्याची जात, गाव किंवा भाषा विचारण्याची तरतूद कोठेही नाही.

आता लेण्यांवरून खाली उतरावे. जुन्नर गावाच्या पूर्वेस हापूसबाग नावाचे गाव आहे. या नावाचा आंब्याशी संबंध जोडण्याचा मोह कोणासही होईल. पण मूळ शब्द 'हबशीबाग' असून त्याचा हा अपभ्रंश होय, असे सांगितले जाते. व्युत्पत्तीचा आग्रह आम्ही धरीत नाही. हबशांचे राज्य मात्र जुन्नरात खरोखरच होते. अहमदनगरचा किल्ला १६०० मध्ये मोगलांनी घेतला, तेव्हा निजामशाहीचा प्राण ज्याने राखला तो मलिक अंबर हबशी होता. त्याने मुर्तजा निजामशाहास गादीवर बसविले आणि १६०७ च्या सुमारास राजधानी परांड्याहून जुन्नरास आणली. गनिमी काव्याने त्याने मोगलांस वर्षानुवर्षे जेरीस आणले, आणि जमीनमहसुलाची त्याने बसविलेली घडी दक्षिणेत पुढे दीर्घकाळ नमुना म्हणून सांगितली जाई. त्याच्याच छत्राखाली मालोजी आणि शहाजी या भोसल्यांचे नाव पुढे आले. १६२६ मध्ये अंबर मरण पावला. त्यानंतर चार वर्षांनी जुन्नरच्याच शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे ज्या भूमीस आपण स्वराज्याचा पाळणा म्हणतो, तीवर त्याआधी एका आफ्रिकन पुरुषाने राजधानी थाटली होती.

हा अंबर कोठे शिकला? इथिओपियात जन्मलेला, मूळचे नाव चापू, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा अरबस्तानातून बगदादेस गेला. तेथे मीर कासीम नावाच्या धन्याने त्याची हुशारी ओळखून त्यास लिहावयास-वाचावयास आणि हिशेब ठेवावयास शिकविले. पुढे तो दक्षिणेत आला, तेव्हा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. हा पेशवाही हबशीच, आणि एके काळचा गुलामच. त्याच्याजवळ अंबर राज्यकारभार शिकला. तेव्हा आफ्रिकेतील एका मुलाच्या परदेशातील शिक्षणाचा खर्च येथेही कोणीतरी सोसला आहे. परंतु तो सोसणारा त्याचा मालक होता. मालकाने केलेला खर्च हा बैलास घातलेल्या चाऱ्यासारखा असतो. त्यात दान नाही, गुंतवणूक आहे. अंबर मोठा झाला तो त्या खर्चामुळे खरा, पण स्वतंत्र झाला तो मालक मेल्यावर. विद्येस द्रव्य पुरविणाऱ्याने शिष्याच्या स्वातंत्र्यावर हक्क सांगावा काय, हा आपल्या विषयातील खरा कठीण प्रश्न जुन्नरच्या इतिहासात असा प्रथम उभा राहतो.

तो दुसऱ्यांदा उभा राहिला एकोणिसाव्या शतकात, नाशिकजवळ. इंग्रजी आरमाराच्या जहाजांनी अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली, की सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईस आणली जात. त्यांचे करावयाचे काय? चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूर वसविले होते; तेथे या मुलांसाठी आश्रम निघाला. मुंबई सरकार पोषणास पैसे देई, मिशन शिक्षण देई. लेखन-वाचनाबरोबर सुतारकी, लोहारकी अशी कामे मुले शिकत. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईस आले, तेव्हा येथील नऊ तरुण त्यांच्याबरोबर आफ्रिकेच्या अंतर्भागात जावयास निघाले. पुढे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले. त्यांचा देह शेकडो मैल खांद्यावरून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या मंडळीत शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात १८ एप्रिल १८७४ रोजी अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांतही तो होता. प्रवासाची दैनंदिनी त्याने लिहून ठेवली. अशा रीतीने ज्याचे बालपण गुलामांच्या गलबतात गेले त्याची लेखणी गोदातीरी घडली, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

१८७४-७५ च्या सुमारास प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली, आणि शरणपूरची आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. पूर्व आफ्रिकेत त्यांस 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. शिक्षक, कारागीर, उपदेशक म्हणून त्यांनी कामे केली. येथे दाता मालक नव्हता, हा मोठा फरक. तथापि दानाबरोबर धर्म आला, नवे नाव आले, आणि पुढे करावयाचे कामही बहुधा दात्यानेच ठरविले. कृतज्ञता ठेवूनही एवढे म्हणणे भाग आहे, की दान घेणाऱ्याचा हात येथेही पुरता मोकळा नव्हता.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांस मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण केले आहे. आफ्रिकेच्या लेकरांचे दुःख आणि आपल्या शेतकऱ्यांचे अज्ञान ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत, हे त्यांनी ओळखले. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने जुन्नर तालुक्यात चांगले मूळ धरले होते. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी पुरोहितावाचून लग्ने लावली, आणि जोशीपणाच्या हक्काचा तो वाद न्यायालयापर्यंत गेला. म्हणून म्हणतो, आफ्रिकेशी आपले नाते ही कोणा मुत्सद्द्याने काढलेली नवी टूम नाही. ओतूरच्या पाटलांच्या गुरूने ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापून ठेवले आहे.

आतापर्यंत आपण आफ्रिकन विद्यार्थ्यावर झालेला खर्च पाहिला. आता उलट बाजूचा जमाखर्च पाहू. कारण ऋणको कोण आणि धनको कोण, हे दोन्ही खाती उघडल्यावाचून कळत नाही. आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे उभा राहून हुतात्मा झाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच डिसेंबरात बहात्तर वर्षांचे अण्णासाहेब कर्वे आफ्रिकेच्या प्रवासास निघाले, हे तितकेसे स्मरणात नाही. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका असा सुमारे पंधरा महिने हा वृद्ध फिरला. हिंगण्याच्या माळावर एका झोपडीतून सुरू झालेल्या आणि पुढे महिला विद्यापीठापर्यंत पोहोचलेल्या कार्याची माहिती त्याने तेथे गावोगाव सांगितली, आणि तेथील हिंदी व्यापाऱ्यांनी त्यास साहाय्य केले. तो पैसा हिंदी लोकांचा होता, आफ्रिकनांचा नव्हता, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण तो कमावला कोणत्या भूमीवर, कोणाच्या श्रमांच्या बाजारात? आमच्या आज्यांनी आणि आयांनी ज्या शाळांत शिक्षण घेतले, त्यांच्या उभारणीच्या हिशेबात आफ्रिकेची एक रकम जमेस आहे, एवढे तरी आपण मान्य केले पाहिजे.

परदेशी शिकावयास गेलेल्या आपल्या माणसांचाही खर्च दुसऱ्यांनी सोसलाच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंनी त्यांस पोटच्या मुलीप्रमाणे घरात ठेवून घेतले. कधी न पाहिलेल्या मुलीसाठी एका परक्या बाईने घराचे दार उघडले, आणि १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. त्या शिष्यवृत्तीस परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. त्याप्रमाणे आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यास गेले. पुढील हकिकत वाचताना मान खाली जाते. जगातील एका थोर विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानास त्या शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी खानावळीत ते पारशी नाव सांगून राहिले. ते उघडकीस येताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. महाराजांनी शिक्षणास पैसा दिला होता. समाजाने डोक्यावर छप्पर दिले नाही. नोकरी सोडून आंबेडकर मुंबईस परतले. राजाचे दान आणि प्रजेचे वर्तन यांत असे अंतर पडले, म्हणजे दानही वाया जाते. हा धडा पुढील विवेचनात आपणांस उपयोगी पडणार आहे.

स्वराज्य आले आणि दात्याची भूमिका आपल्याकडे आली. १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस जे गेले ते औंधच्या पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पा पंत. दक्षिणेतील एका छोट्या संस्थानाचा हा राजपुत्र. गांधीजींच्या सल्ल्याने औंधच्या प्रजेस १९३९ मध्ये स्वराज्याची घटना मिळाली, त्या प्रयोगात तो वाढलेला. १९५४ पर्यंत ते तेथे होते. गोऱ्या वसाहतवाल्यांची नाराजी पत्करून त्यांनी आफ्रिकन पुढाऱ्यांशी बरोबरीच्या नात्याने मैत्री केली, आणि आफ्रिकन तरुणांनी भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या घेऊन इकडे शिकावयास यावे यासाठी खटपट केली. त्याच सुमारास तेथील हिंदी लोकांनी गांधीजींच्या स्मारकासाठी निधी जमविला. तो नैरोबीच्या तंत्रविद्यालयास जोडला गेला, आणि त्या विद्यालयाचेच पुढे नैरोबी विद्यापीठ झाले. वीस वर्षांपूर्वी अण्णासाहेबांनी ज्या वाटेने वर्गणी आणली, त्याच वाटेने हे व्याज परत गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल काय?

१९५० मध्ये मौलाना आझादांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. परदेशी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांचा बराचसा व्यवहार तिच्याकडे आहे. भारताच्या शिष्यवृत्तीवर दिल्लीस शिकलेले बिंगू वा मुथारिका पुढे मलावीचे राष्ट्राध्यक्ष झाले. नायजेरियाचे ओलुसेगुन ओबासांजो हे तरुण सेनाधिकारी असताना पुण्याच्या सैनिकी अभियांत्रिकी विद्यालयात होते. २०१५ च्या दिल्लीतील भारत-आफ्रिका परिषदेत पाच वर्षांत पन्नास हजार शिष्यवृत्त्या देण्याची घोषणा झाली. सरकारने आपले काम केले नाही, असे म्हणता यावयाचे नाही.

मग उणे काय राहिले? ते बडोद्यास उणे राहिले तेच. शिष्यवृत्ती घेऊन किंवा स्वखर्चाने आलेला काळा विद्यार्थी घर भाड्याने घ्यावयास जातो, तेव्हा दूरध्वनीवर रिकामी असलेली खोली तोंड पाहताच भरलेली होते. घरून येणारा पैसा त्याच्या देशाच्या चलनाचा भाव पडला की एका रात्रीत कमी होतो. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की खानावळीचे बिल तुंबते. जुन्नर-आंबेगावच्या वाचकांस हे समजावून सांगावयास नको. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. त्या खोऱ्यातील किती मुले पुण्यास शिकावयास आली, आणि फी माफ झाल्यावरही खोलीचे भाडे व जेवण यांपायी किती परत गेली, हे त्या घरांस ठाऊक आहे. शिक्षण मोडते ते पुष्कळदा फीपायी मोडत नाही, पोटापायी मोडते.

या रोगावर पुण्यात एक जुने औषध होते. गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवत आणि शिकत. वार देणाऱ्या घरास फार खर्च येत नसे. चुलीवर आणखी एक मूठ तांदूळ पडे. या प्रथेतील दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. ती जातीच्या कुंपणात होती. ब्राह्मणाच्या मुलास वार मिळे, इतरांस त्याच शहरात तहानेला पाणी मिळणे कठीण. ते कुंपण राजर्षी शाहूंच्या वसतिगृहांनी आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगाने मोडले. भाऊरावांच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसली. कुंपण जावे आणि वार राहावा, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे. फर्ग्युसन कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे प्रमुख असताना कावीळ झालेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्यास एक मुलगी खिडकीतून जेवण देताना त्यांनी पाहिली. परदेशी विद्यार्थ्याच्या एकटेपणाची ती खिडकी त्यांच्या मनातून गेली नाही, आणि १९७१ मध्ये 'सिम्बायोसिस' उभी राहिली. एका वाराचे केवढे फळ!

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. "आपलीच पोरे उपाशी" हे खरे आहे, आणि त्यांच्यासाठी करावयाचे ते केलेच पाहिजे. परंतु दोन्हींसाठी उपाय एकच आहे. म्हाळुंग्याचा मुलगा आणि मलावीचा मुलगा यांस जी खोली हवी, जे जेवण हवे, जी अडीअडचणीची उचल हवी, ती एकाच व्यवस्थेतून मिळू शकते. जुन्नरच्या बुरुड-कासारांनी दुसऱ्याची ठेव सांभाळून अनोळखी भिक्षूची सोय केली. आज नारायणगाव-मंचरच्या बाजारपेठा, तेथील पतसंस्था आणि पुण्यात स्थायिक झालेली त्या गावांची कुटुंबे यांस अशी अक्षयनीवी करणे अशक्य नाही. मुद्दल मोडू नये, व्याज विद्यार्थ्याच्या पोटास जावे, आणि घेणाऱ्यावर कोणतीही अट नसावी: नोकरीची नाही, धर्माची नाही, कृतज्ञतेचीही नाही. मालकाने दिले तेव्हा अंबर बांधला गेला. मिशनने दिले तेव्हा वेनराइटला नवे नाव मिळाले. राजाने दिले तेव्हा आंबेडकरांवर करार आला. या तिन्ही दानांहून शुद्ध असे दान करण्याची संधी आता सामान्य गृहस्थास आहे.

चिट यवनाचा भोजनमंडप आता रिकामा आहे. वटवाघळांवाचून तेथे कोणी जेवत नाही. परक्याने आपल्या भूमीत अन्नछत्र घातले आणि दोन हजार वर्षे त्याचे नाव दगडाने जपले. त्याच भूमीतील माणसांनी परक्याचे एक पान वाढावे, ही अपेक्षा फार मोठी आहे, असे आम्हांस वाटत नाही.